आय७ घ्यावा की मोठं ग्राफिक्स कार्ड? आधी कॅमेऱ्याची फाइल उघडून पाहा

पत्राचा सारांश

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वडिलांसोबत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या वाचकाचं हे पत्र आहे. लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग म्हणजे एडिटिंग, आणि अल्बम हा त्यांचा मुख्य धंदा. संगणक जुना आहे : आय५-७४०० प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं कार्ड. मागच्या दिवाळीत त्यांनी कर्ज काढून नवा मिररलेस कॅमेरा घेतला. तेव्हापासून टाइमलाइनवर ४के व्हिडिओ अडकत-अडकत चालतो. पूर्ण लग्न ते एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या ९ क्रमांकाच्या आवृत्तीत लावतात, हायलाइट म्हणजे निवडक शॉटचा छोटा व्हिडिओ प्रीमियर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. नव्या संगणकासाठी ९० हजार बाजूला काढलेत, मॉनिटर जुनाच वापरणार आहेत.

सल्ले तीन मिळालेत. गावातल्या दुकानदाराने आय७-१४७००एफ, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी कार्ड आणि १६ जीबी रॅम असं कोटेशन दिलंय. हा दुकानदार नात्यातला. धाकटा भाऊ संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी घे. हैदराबादचा एक मित्र वापरलेलं आरटीएक्स ३०८० स्वस्तात देतोय. वाचक विचारतात : कुणाचं ऐकू? पुढची दहा वर्षं पाहायला नको असा संगणक कोणता? आणि दुकानदाराचं नाही ऐकलं तर नातं कसं सांभाळू?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात : नवा कॅमेरा आला तेव्हापासून व्हिडिओ अडकतो. त्याआधी हाच संगणक ४के चालवत होता. म्हणजे संगणक एकाएकी म्हातारा झालेला नाही, त्याच्यासमोर येणारी फाइल बदलली आहे. तिन्ही सल्लागारांपैकी एकानेही ती फाइल पाहिलेली दिसत नाही. म्हणून नव्वद हजार खर्चायच्या आधी अर्धा तास एक फुकटचं काम करा.

मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम टाका आणि नव्या कॅमेऱ्याची एक फाइल त्यात उघडा. व्हिडिओच्या रकान्यात तीन गोष्टी शोधा. फॉरमॅट, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, एव्हीसी आहे की एचईव्हीसी; बिट डेप्थ, म्हणजे रंगछटांची बारकाई, ८ आहे की १०; आणि क्रोमा सबसॅम्पलिंग, म्हणजे रंगाची माहिती किती साठवली, ४:२:० आहे की ४:२:२. तुमच्या वर्णनावरून तिथे १० बिट, ४:२:२ दिसेल असा माझा अंदाज आहे. या प्रकारात रंगाची माहिती जास्त साठते, म्हणून रंग बदलताना चित्र फाटत नाही. पण ही फाइल उलगडणं (डीकोड करणं) जड असतं. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये आणि ग्राफिक्स कार्डात एक खास वेगळा भाग असतो. तुमच्या आय५-७४०० मधला आणि १०५० टीआय मधला तो भाग ४:२:० ओळखतो, ४:२:२ ओळखत नाही. मग सगळा भार प्रोसेसरच्या चार कोअरवर, म्हणजे आतल्या चार गणन-भागांवर, पडतो आणि ते दमतात.

याची खात्री करून घ्या. कॅमेऱ्याच्या रेकॉर्ड सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटं ४:२:२ मध्ये आणि दोन मिनिटं ४:२:० मध्ये तेच दृश्य टिपा. दोन्ही क्लिप प्रीमियरमध्ये ठेवा. शेजारी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सची चिप, निवडा आणि तिथला व्हिडिओ डीकोड नावाचा आलेख बघा. ४:२:० चालताना तो आलेख वर जाईल आणि प्रोसेसर निवांत राहील. ४:२:२ चालताना तो तळाला राहील आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकेल. दोन्ही क्लिप सारख्याच अडकल्या आणि डिस्कचा आलेख शंभरावर दिसला, तर दोष वेगळाच आहे : तुम्ही थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवरून एडिट करताय, आणि तीही बहुधा मागच्या जुन्या यूएसबी २.० च्या खाचेत लावलेली. तिथे नवा प्रोसेसर काय करणार?

अंदाज खरा ठरला तर या सीझनपुरता मार्ग लगेच मोकळा होतो. हळद, वरात, सप्तपदी, जेवणावळी असे लांबलचक भाग ४:२:० मध्ये टिपा. पूर्ण लग्नाच्या व्हिडिओत रंगाशी फार खेळ होत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला फरक दिसणार नाही. ४:२:२ फक्त हायलाइटच्या आणि प्री-वेडिंगच्या शॉटसाठी राखून ठेवा. त्या शॉटचे प्रॉक्सी करून घ्या, म्हणजे मूळ फाइलच्या हलक्या प्रती. प्रीमियरमध्ये क्लिप निवडून प्रॉक्सी बनवायला रात्री लावून द्या, सकाळी हलक्या प्रतींवर एडिट करा, एक्स्पोर्टच्या, म्हणजे अंतिम फाइल बनवायच्या, वेळी प्रीमियर आपोआप मूळ फाइल घेतं. तुमची एडियसची आवृत्ती २०१७ ची आहे. त्यानंतर आलेल्या चिपमधल्या सोयी ती वापरेल असं धरून चालू नका. तिच्यासाठी ४:२:० हाच सरळ रस्ता, आज आणि नव्या संगणकावरही.

मग नवा संगणक घ्यायचाच नाही का? घ्या, पण घाईने नको. त्याची कारणंही नीट समजून घ्या. चार कोअर, चार थ्रेडचा (एका वेळी चारच कामं हाताळणारा) प्रोसेसर ४के साठी खरोखर अपुरा आहे. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. बदल करावाच लागणार आहे. फक्त तो ऐन लग्नसराईत, चार लग्नांचं मिक्सिंग डोक्यावर असताना करू नका. पितृपक्षाच्या आसपास तिथी नसतात तेव्हा करा. बिघाड निघाला तर वॉरंटीत बदलून घ्यायलाही तेव्हा सवड मिळते.

आता तिन्ही सल्ले एकेक करून पाहू.

दुकानदाराचं कोटेशन नावाला भारी आहे. आय७-१४७००एफ मध्ये २० कोअर, २८ थ्रेड आहेत, ताकदीचा प्रोसेसर आहे यात शंका नाही. अडचण शेवटच्या 'एफ' या अक्षरात आहे. 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं. त्यामुळे किंमत थोडी उतरते, आणि गेम खेळणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, कारण त्याच्याकडे वेगळं कार्ड असतंच. मिक्सिंगवाल्याचं मात्र नुकसान होतं. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्येच क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडणारा भाग असतो. अकराव्या पिढीपासून तो १० बिट ४:२:२ एचईव्हीसी सहज उलगडतो. तुमचं जुनं एडियस एच.२६४ (एव्हीसीचंच दुसरं नाव) एक्स्पोर्टसाठीही याच भागाच्या जोरावर वेग घेतं. 'एफ' घेतला की हे सगळं गेलं. आणि सोबतचं आरटीएक्स ३०५० ४:२:२ ओळखतच नाही. म्हणजे ज्या एका कामासाठी तुम्ही संगणक बदलताय, नेमकं तेच काम पुन्हा प्रोसेसरच्या माथी. अठ्ठावीस थ्रेड ते रेटून नेतील, पण तापत, पंखे ओरडत आणि वीज खात.

शिवाय या प्रोसेसरची जास्तीत जास्त भूक २१९ वॅट आहे. कोटेशनमध्ये मदरबोर्डचं नाव नाही असं तुम्ही लिहिलंत. स्वस्तातला एच६१० बोर्ड आणि डब्यातला कूलर असेल तर बोर्डाचा वीजपुरवठ्याचा भाग तापून प्रोसेसर आपला वेग स्वतःच खाली आणतो. परभणीच्या एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याखालच्या दुकानात, पैसे आय७ चे आणि वेग आय५ चा अशी गत होते. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या मॉडेलांना व्होल्टेजच्या दोषाने अस्थिर होण्याचा त्रास होता, हेही माहीत असू द्या. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञांची दुरुस्ती, काढला आणि डबाबंद विकलेल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून या पिढ्यांचा कुठलाही प्रोसेसर घ्या, बोर्डाचा बायोस, म्हणजे त्याचं मूळ सॉफ्टवेअर, पहिल्याच दिवशी ताजा करून घ्या. खोक्याविना सुटा प्रोसेसर घेऊ नका.

आरटीएक्स ३०५० बद्दल एवढंच : ६ जीबीचं आणि ८ जीबीचं ही एकाच नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. ६ जीबीच्या कार्डात रॅम तर कमी आहेच, आतले गणन करणारे कोअरही कमी आहेत. ते ७० वॅटवर चालतं आणि बहुतेक मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, एवढी एक सोय. जुन्या छोट्या संगणकात बसवायला ठीक, नव्वद हजारांच्या संगणकात नको.

भावाचा सल्ला जास्त विचार करून दिलेला आहे. त्याला तसं जरूर सांगा. रायझन ५ ७६०० मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आहेत, ६५ वॅटचा आहे, फार तापत नाही. त्याचा एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, रायझन बनवणारी एएमडी २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवणार असल्याचं सांगते, म्हणजे काही वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागेल. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटला ती सोय नाही, चौदावी पिढी ही त्यातली शेवटची. आरटीएक्स ५० मालिकेचं कार्ड निवडणं हेही अगदी बरोबर, आणि त्याचं कारण गेमपेक्षा मोठं आहे. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत ४:२:२ उलगडण्याची सोय या मालिकेपासून आली, आणि तीही एव्हीसी व एचईव्हीसी दोन्हींसाठी.

हा फरक तुमच्यासाठी मोलाचा आहे. इथे ज्या इंटेल प्रोसेसरांचा विचार करतोय त्यांचं क्विक सिंक ४:२:२ मध्ये फक्त एचईव्हीसी उलगडतं. बाराव्या ते चौदाव्या पिढीत एव्हीसीमधलं १० बिट ४:२:२ त्याला जमत नाही. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांत एक्सएव्हीसी एस म्हणजे एव्हीसी आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एचईव्हीसी. मीडियाइन्फोने एव्हीसी ४:२:२ दाखवलं तर नुसत्या इंटेल प्रोसेसरच्या भरवशावर राहून चालणार नाही, ५० मालिकेचं कार्डच लागेल. रायझन ७६०० च्या आतलं ग्राफिक्स तर कोणतंच ४:२:२ उलगडत नाही, तिथे सगळी मदार कार्डावर. आणि कार्डाची ही सोय प्रीमियरच्या २०२५ च्या मध्यानंतरच्या आवृत्त्यांत आणि रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत मिळते. पेन ड्राइव्हवरून आलेली चार-पाच वर्षांपूर्वीची विनापरवाना आवृत्ती वापरत असाल, तर महागड्या कार्डातला तो भाग झोपून राहील. हार्डवेअरच्या बजेटातून सॉफ्टवेअरसाठी पैसे काढून ठेवा, मी हे अगदी मनापासून सांगतो आहे. धंद्याचं हत्यार परवान्याचं असलं की अपडेट मिळतात, आणि तुमच्या बाबतीत अपडेट म्हणजेच वेग.

भावाशी माझा मतभेद ५०६० टीआय १६ जीबीवर आहे. कार्ड उत्तम आहे, पण तुमच्या ९० हजारांत ते बसवलं की रॅम, एसएसडी (वेगवान डिस्क) आणि एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) काटकसर करावी लागेल. कार्डावरची रॅम वाढली म्हणून वेग वाढत नाही. ती अपुरी पडली तर मात्र काम थांबतं. प्रीमियरमध्ये ४के वर कट, रंग, थोडे इफेक्ट, नावांच्या पट्ट्या एवढ्यासाठी ८ जीबी पुरते. रिझॉल्व्हमध्ये ४के वर नॉइज रिडक्शन लावणाऱ्याला ८ जीबी अपुरी पडते आणि मेमरी भरल्याचा संदेश येतो. त्याने १६ जीबीच घ्यावं. तुम्ही रिझॉल्व्ह वापरत नाही.

मित्राच्या ३०८० ला नम्रपणे नाही म्हणा. ते ३२० वॅटचं कार्ड आहे, ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस मागतं, तुमच्या खोलीत हीटर लावल्यासारखी उष्णता सोडतं, आणि एवढं करून ४:२:२ उलगडत नाही. बिल नाही, वॉरंटी नाही, रात्रंदिवस क्रिप्टो-चलनाच्या मायनिंगला जुंपलेलं होतं की नाही हे कळायला मार्ग नाही. ज्या वाचकांना वापरलेलं कार्ड घ्यावंच लागतंय त्यांनी निदान समोर बसून तपासावं. जीपीयू-झेड हा कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडून कार्डाचं नाव आणि कोअरची संख्या निर्मात्याच्या पानावरच्या आकड्यांशी जुळवावी. जुन्या कार्डावर नव्याचा बायोस चढवून विकलेली नकली कार्डं बाजारात असतात, त्यातली बरीच जीपीयू-झेड नावापुढेच नकली म्हणून दाखवतं. मग निदान अर्धा तास जड गेम किंवा चाचणी चालवून तापमान, पडद्यावरचे ठिपके आणि पंख्यांचा आवाज बघावा. आणि कुणी 'एडिटिंगसाठी' म्हणून ४ जीबीचं जीटी ७३० हे जुनं कार्ड गळ्यात मारत असेल तर घेऊ नये. आजच्या इंटेल प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स व्हिडिओच्या कामात त्याच्या पुढे आहे.

तुमच्यासाठी माझी निवड अशी : 'एफ' नसलेला इंटेल आय५ आणि आरटीएक्स ५०६० चं ८ जीबी कार्ड. आय५-१४५०० मिळाला तर उत्तम. १४ कोअर, २० थ्रेड, आणि त्यात यूएचडी ७७० ग्राफिक्स आहे, ज्यात व्हिडिओ उलगडणारे दोन भाग असतात. आय५-१४४०० मध्ये यूएचडी ७३० असतं, त्यात एकच भाग, पण तोही तुमच्या कामाला पुरेल. पैसे तंग झाले तर आय५-१२४०० सुद्धा चालेल. त्याची पिढी जुनी म्हणून नाक मुरडू नका, सहा पूर्ण ताकदीचे कोअर आहेत. या जोडीत एचईव्हीसी इंटेल उचलतो, एव्हीसी कार्ड उचलतं, एडियसला क्विक सिंक मिळतं. तुम्ही एडियस सोडून पूर्ण प्रीमियरवर जाणार असाल तर भावाच्या रायझन ५ ७६०० सोबत हेच ५०६० लावा. तीही तितकीच चांगली निवड आहे आणि पुढे वाढवायला सोपी.

इंटेल घेतल्यास एक मोठा फायदा पदरात पडतो. बी७६० चिपसेटचा डीडीआर४ घेणारा बोर्ड मिळतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळी असते, एकाच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून बोर्डाच्या नावात डी४ किंवा डीडीआर४ लिहिलंय का ते पाहून घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढलेत. तुमच्या जुन्या दोन ८ जीबीच्या पट्ट्या या बोर्डात चालतील. चार खाचांचा बोर्ड घेऊन १६ जीबीच्या दोन नव्या पट्ट्या टाका, आणि भाव परवडेनात तर तूर्त जुन्या १६ जीबीवरच सुरू करा. जुन्या-नव्या एकत्र लावल्या तर सगळ्या मिळून सगळ्यात मंद पट्टीच्या वेगाने चालतात. कधी संगणक सुरूच होत नाही, तेव्हा जुन्या काढून ठेवायच्या. एकच मोठी पट्टी घेऊ नका. दोन पट्ट्यांनी रॅमचा रस्ता दुपदरी होतो आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा लाभ होतो.

पैशांची वाटणी करताना भाव रोज हलतात, म्हणून मी आकडे देत नाही, मर्यादा देतो. कार्ड एकूण रकमेच्या एक तृतीयांशाच्या वर नको. प्रोसेसर पाव हिश्शाच्या वर नको. जो दुकानदार प्रोसेसरवरच चाळीस टक्के लावतो, तो बाकी कुठेतरी हात आखडतो, आणि ते बहुतेक वेळा एसएमपीएसमध्ये असतं.

एसएमपीएसबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे संगणक मरतात ते इथेच. १४५०० ची कमाल भूक १५४ वॅट, ५०६० ची १४५, बाकी सगळ्याला साठेक धरा. साडेतीनशेच्या पुढे जातं. चांगल्या नावाचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा ५५० ते ६५० वॅटचा एसएमपीएस घ्या. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या, वर नुसतं '५०० वॅट' छापलेल्या डब्याला हात लावू नका. नेहमीचा ६०० व्हीए यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो. एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली की तो शिट्टी मारून बंद पडेल. किमान १००० ते ११०० व्हीए घ्या. दुकानात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. दुसऱ्या मोडवर बदलाला वेळ लागतो आणि संगणक रीस्टार्ट होतो. आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कार्ड बसवायच्या आधी वायरमन बोलवा. जुन्या वाड्यातल्या, जुन्या वायरिंगच्या दुकानांत तिसरी पिन नावालाच असते.

कॅबिनेट काचेच्या तोंडाचं नको, समोर जाळी आणि तिच्यामागे काढून धुता येणारा फिल्टर हवा. समोर दोन पंखे आत, मागे एक बाहेर. सोबत एका टॉवरचा १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर घ्या. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या जवळपास दुकान असेल तर त्या फिल्टरवर महिन्याभरात गालिचा साचतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरवू नका. उन्हाळ्यात तापमान फारच चढत असेल तर बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा ९५ वॅटच्या आसपास बांधा. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, तेवढंच.

एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) हवीच. हिशेब करून पाहा : १०० मेगाबिटने टिपलेला व्हिडिओ ताशी ४५ जीबी होतो. दोन कॅमेरे, प्रत्येकी पाच तास, म्हणजे एका लग्नाचे ४५० जीबी. चालू काम एसएसडीवर, झालेलं काम हार्ड डिस्कवर, आणि पेन ड्राइव्ह दिल्यावरही काही महिने दोन प्रती.

आता तुमच्या मनातल्या एका गृहीतकाविषयी. तुम्ही लिहिलंत की दुकानदाराच्या आय७ वर तीन तासांचं एक्स्पोर्ट तासाभरात होईल. होईलही. पण तुमचं एक्स्पोर्ट रात्री चालतं आणि तुम्ही तेव्हा झोपलेले असता. वाचलेले दोन तास कुणाच्या उपयोगाचे? तुमचा वेळ दिवसा जातो, शॉट निवडताना, मागे-पुढे करताना, कट मारताना. तिथे व्हिडिओ अडकला नाही तर खरी कमाई. म्हणून दोन पर्यायांची तुलना करताना त्यांच्या चाचण्यांचे एकूण गुण बघू नका, तुमच्या फाइलचं प्लेबॅक बघा. शक्य असेल तर पेन ड्राइव्हवर ४:२:२ ची तुमचीच क्लिप न्या आणि ज्या कुणी तशी मशीन विकलेली आहे त्याच्याकडे ती चालवून दाखवायला सांगा. आणि दहा वर्षांचा विचार सोडा. मोठा प्रोसेसर घेऊन दहा वर्षांची तरतूद होत नाही, कारण दर दोन-चार वर्षांनी कॅमेऱ्याची फाइलच बदलते. तुमच्या बाबतीत आत्ताच तसं झालंय. चार-पाच वर्षांचा संगणक घ्या, आणि उरलेले पैसे कॅमेऱ्याच्या हप्त्याला लावा.

बाकी वाचकांपैकी ज्यांच्याकडे दहाव्या पिढीचा सहा कोअरचा आय५ किंवा रायझन ५ ३६०० आहे, त्यांनी पूर्ण संगणक बदलूच नये. फक्त आरटीएक्स ५०५० किंवा ५०६० घालावं, एसएमपीएस पुरतो का ते बघावं, बायोसमध्ये बूट जुन्या पद्धतीऐवजी यूईएफआयवर आहे का तपासावं. या कार्डांना बोर्डाशी बोलायला आठच लेन असतात, त्यामुळे पीसीआयई ३.० या जुन्या मानकाच्या बोर्डावर थोडा वेग कमी होतो, पण एडिटिंगला तो जाणवण्याइतका नसतो. तुमच्या चार कोअरच्या आय५ वर मात्र नुसतं कार्ड लावून भागणार नाही.

दुकानदाराचं काय करायचं? पहिली गोष्ट, त्याने फसवलं असं मनात धरू नका. तो बहुतेक संगणक गेमवाल्या पोरांना आणि कार्यालयांना विकतो, त्यांच्यासाठी 'एफ' हा शहाणपणाचा सौदा असतो. तुमची फाइल त्याला कुणी दाखवलीच नव्हती. त्याच्याकडे बसा, मीडियाइन्फोचा तो रकाना दाखवा आणि म्हणा, दादा, मला हे चालायला पाहिजे. मग प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि वेगळी किंमत लिहिलेलं कोटेशन मागा. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि रॅमचंही नाव त्यात हवं. सिकंदराबादच्या सीटीसी या संगणक बाजारात किंवा ऑनलाइन तोच भाग थोडाफार स्वस्त दिसला तरी त्याच्याकडूनच घ्या. उद्या लग्न आणि आज एसएमपीएस उडाला, तर देवगिरी एक्सप्रेस धरून हैदराबादला जाता येत नाही, याचं दुकान पायी पाच मिनिटांवर आहे. फरक फार मोठा असेल तर प्रोसेसर आणि कार्ड बाहेरून आणतो, बाकी सगळं आणि जोडणी तुमच्याकडे, असं आधीच मोकळेपणाने ठरवा आणि जोडणीचे पैसे न घासता द्या. कुठूनही घ्या, सिरीयल नंबरसह जीएसटीचं बिल हवंच. भारतातली वॉरंटी त्या सिरीयल नंबरवर चालते, परस्पर बाहेरून आलेल्या कार्डाला ती मिळत नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावटही मिळते, सीएला विचारून घ्या.

संगणक जोडून आला की एक गोष्ट विसरू नका, कारण ती दहातले बरेच जण विसरतात. वेगळं कार्ड लावलं की अनेक बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा इंटर्नल ग्राफिक्स असं काहीतरी नाव असतं, ते चालू करा. मॉनिटरची केबल कार्डालाच राहू द्या. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन जीपीयू दिसले पाहिजेत. मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमधल्या मीडिया विभागात हार्डवेअर डीकोडिंगला टिक करून इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही निवडा, प्रीमियर बंद करून पुन्हा उघडा. बायोसमध्येच रॅमचं एक्सएमपी (पूर्ण वेगाची सेटिंग) चालू करा. एक रात्र मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवा. त्यात एकही चूक निघाली तर रॅम परत. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून दहा मिनिटं सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी लावा, प्रोसेसर सतत १०० अंशाला टेकत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा त्याच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली आहे.

भाऊ सुट्टीत येऊन गेम खेळणार, खेळू द्या. फुल एचडी पडद्यावर ५०६० त्याला भरपूर होतं. पण त्याच्यासाठी विंडोजचं वेगळं खातं करा, ॲडमिनचा अधिकार देऊ नका, आणि कुठूनतरी उतरवलेले गेम त्यावर येणार नाहीत एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. त्या डिस्कवर लोकांच्या घरची लग्नं असतात. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस आला तर तुम्ही कुणाला परत अक्षता टाकायला सांगणार आहात?

जुना संगणक विकू नका. त्याला फार पैसे येणार नाहीत. जुनं एडियस विंडोज ११ वर नीट चालतं याची खात्री होईपर्यंत, निदान एक सीझन, ते त्याच संगणकावर राहू द्या. त्याच्या रॅमच्या पट्ट्या नव्यात लावल्या असतील तर एक पट्टी तरी त्याला परत द्या. इंटरनेटची वायर काढून टाका, आणि कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून डिस्कवर फाइली उतरवणं, दुसरी प्रत करणं, अल्बमची पानं लावणं ही कामं वडिलांना त्यावर करू द्या.